‘सोडणे’ या क्रियापदाचा कर्ता कोण?

‘वडिलार्जित मिळकतीतील माझा हिस्सा मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता व कोणाच्याही दडपणाखाली न येता आपल्या लाभात सोडून देत आहे.’ या वळणाचे वाक्य मराठी मुलखात कोणत्याही दस्तलेखकाला झोपेतून उठवून विचारले तरी तो घडाघडा म्हणून दाखवील. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत आता हाच मजकूर कन्नडात लिहिला जातो आणि त्या दस्ताला ‘हक्कु बिडुगडे पत्र’ म्हणतात. भाषा पालटली, परंतु वाक्याचा सांगाडा तोच राहिला. ज्या म्हातारीने आयुष्यात चहापलीकडे काही घेतले नाही, तिच्या तोंडी ‘नशापाणी न करता’ हे शब्द घालताना दस्तलेखकाला हसू येत नाही. आणि ‘राजीखुशीने’ हा शब्द घालताना त्याला लाज वाटत नाही. पहिल्या गोष्टीविषयी आमची तक्रार नाही. दुसरीविषयी आहे, आणि ती केवळ कायद्याची नसून भाषेचीही आहे. म्हणून या सांस्कृतिक पत्राची पाने आम्ही तिच्यासाठी खर्ची घालीत आहोत.

आमचे म्हणणे असे की, ‘सोडणे’ या क्रियापदाचा सांप्रत जो वापर वारसाहक्काच्या व्यवहारात होत आहे, तो मराठी भाषेवर अन्याय करणारा आणि मराठी बोलणाऱ्या स्त्रीला फसविणारा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. सोडण्यासाठी हाती काही असावे लागते. गाठ सोडावयाची तर गाठ हवी, गुरे सोडावयाची तर ती दाव्याला बांधलेली हवीत, उपवास सोडावयाचा तर तो धरलेला हवा. ‘धरणे’ आणि ‘सोडणे’ ही जोडी आहे. पहिल्यावाचून दुसऱ्याला अर्थ नाही. ज्याच्या जवळ ती वस्तू कधी आलीच नाही, त्याच्याविषयी मराठी माणूस ‘त्याने सोडली’ असे म्हणत नाही. तो ‘मुकला’ असे म्हणतो. ‘मुकणे’ हे फार प्रामाणिक क्रियापद आहे. त्याचा कर्ता काही करीत नाही, त्याच्यावर काही ओढवते. वस्तू दुसऱ्याने नेली असेल तर ‘हिरावणे’ आहे. आणि सोडण्याची क्रिया एकाची व इच्छा दुसऱ्याची असेल, तर ‘सोडायला लावणे’ हा प्रयोजक प्रयोग आपल्या व्याकरणाने करूनच ठेवला आहे. इतकी साधने हाताशी असता, बहिणीला हिस्सा सोडायला लावल्याचा प्रसंग ‘बहिणीने हिस्सा सोडला’ या वाक्यात बसविणे याला आम्ही भाषेची चूक म्हणत नाही. ती भाषेची लबाडी आहे.

‘सोडून देणे’ या संयुक्त क्रियापदातील ‘देणे’ही येथे फुकाचे नाही. कन्नडातही ‘बिडु’ म्हणजे सोडणे आणि ‘बिट्टुकोडु’ म्हणजे सोडून देणे. शब्दशः तीच घडण. एक द्राविडी कुळातील भाषा आणि एक आर्य कुळातील भाषा शतकानुशतके एका अंगणात नांदल्या, म्हणून असे साम्य दिसते. दोन्ही भाषांना ठाऊक आहे की या क्रियेत दोन गोष्टी घडतात: आपला हात निघतो आणि दुसऱ्याच्या हाती वस्तू पडते. निजामी अमलात या दोन्ही जिल्ह्यांवर कचेरीची भाषा म्हणून उर्दू होती. तिच्यातला यासाठीचा शब्द ‘दस्तबरदार होणे’ तर याहून स्पष्ट आहे. हात उचलून घेणे, हा त्याचा मूळ अर्थ. उचलण्यासाठी हात आधी त्या वस्तूवर टेकलेला असावा लागतो, हे सांगण्यास पंडित नको. आपण नोकरीचा ‘राजीनामा’ देतो त्या शब्दाची कथाही अशीच. मूळ फारसीत तो संमतीचा कागद. मुंबई इलाख्यात रयत आपली जमीन सरकारास परत करताना असा राजीनामा लिहून देई. आणि तो ज्याच्या नावे जमीन लागलेली असे त्यानेच द्यावयाचा असे, कारण नावावर नसलेल्या जमिनीचा राजीनामा सरकार घेत नसे. इंग्रज सरकारला जे कळत होते, ते भावाला कळू नये काय?

आमच्या कोंकणी वाचकांसाठी एक गंमत येथेच नमूद करतो. ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत ‘सांडणे’ म्हणजे टाकणे, त्यजणे. आजच्या मराठीत दूध सांडते, पाणी सांडते. म्हणजे हातून नकळत निसटते. आणि कोंकणीत ‘सांडप’ म्हणजे हरवणे. जाणून टाकलेले, चुकून निसटलेले आणि शोधूनही न सापडणारे, असे तीन अर्थ एकाच शब्दाच्या वाट्याला आले. बहिणीच्या हिश्शाचे नेमके यांतले काय झाले, असा प्रश्न कोणी केल्यास आम्ही कोंकणी अर्थाकडे बोट दाखवू.

त्यागाविषयी शास्त्रकारांनी काय म्हटले आहे, हे त्यागाची थोरवी गाणाऱ्यांनी एकदा वाचावे. मीमांसकांच्या मते यागाला द्रव्य, देवता आणि त्याग अशी तीन अंगे लागतात, आणि आहुती पडताच यजमानाने ‘इदं न मम’ म्हणावयाचे असते. ‘हे माझे नव्हे’ हे वाक्य फक्त तोच म्हणू शकतो, ज्याचे ते क्षणापूर्वी होते. धर्मशास्त्रातील दानाची व्याख्याही हीच: आपले स्वामित्व निवर्तवून दुसऱ्याचे उत्पन्न करणे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तेथे विषय कर्माच्या त्यागाचा आहे, मिळकतीच्या नव्हे, हे आम्ही जाणतो; परंतु कसोटी उपयोगी आहे. मोहाने, म्हणजे न समजता केलेला त्याग तामस. क्लेशाच्या भयाने केलेला राजस, आणि अशा त्यागाला त्यागाचे फळ नाही. आता सांगावे, आपला हक्क किती व कशात आहे हे ठाऊक नसता अंगठा उठविणारी बहीण, आणि माहेरचे दार बंद होईल या धाकाने सही करणारी बहीण, यांचा त्याग कोणत्या वर्गात घालावयाचा? सात्त्विक त्यागाचे पुण्य मात्र भाऊच परस्पर तिच्या नावे जाहीर करून मोकळा होतो.

हा वाद ज्या भूमीवर चालला आहे, तिचे भान आम्हांस सोडवत नाही. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. सहावा विक्रमादित्य (राज्यकाल 1076 ते 1126) याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ याच नगरीत रचली. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मरतूर हे त्याचे गाव, अशी परंपरा आहे. बंगाल-आसामसारखे दायभागाचे प्रांत वगळले, तर हिंदुस्थानातील बहुतेक हिंदू कुटुंबांची मिळकत किती पिढ्या या एका टीकेच्या आधाराने वाटली गेली! जन्मतःच मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत स्वामित्व प्राप्त होते, हा सिद्धान्त तेथलाच. आणि तो मुलापुरता राहिला, हा दोषही तेथलाच. तो आम्ही झाकीत नाही.

परंतु याच ग्रंथातील दुसरी बाजू आमचे ‘परंपरावादी’ बंधू कधी सांगत नाहीत. वाटणीच्या वेळी अविवाहित बहिणीला चतुर्थांश द्यावा, असे याज्ञवल्क्याचे वचन आहे. त्याचा अर्थ ‘तिच्या लग्नापुरता खर्च करावा’ एवढाच, असे म्हणणारा एक पक्ष त्या काळीही होता. विज्ञानेश्वराने तो पक्ष खोडून काढला. हा लग्नाचा खर्च नव्हे, हा तिचा हिस्सा आहे, असे त्याने ठणकावून मांडले. स्त्रीधनाच्या प्रकरणीही त्याने वारशाने, खरेदीने, वाटणीने स्त्रीकडे आलेले धन स्त्रीधनातच धरले; पुढच्या टीकाकारांना आणि न्यायालयांना ते झेपले नाही. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीत जो आक्षेप निकालात निघाला, तोच आज कल्याणीच्याच पंचक्रोशीत पारावर बसून नव्याने काढला जातो: ‘तिच्या लग्नाला खर्च केला, हुंडा दिला, आता आणखी कसला हिस्सा?’

या आक्षेपाला विज्ञानेश्वराहून अधिक रोखठोक उत्तर आता उपलब्ध आहे. हुंडा देणे आणि घेणे हा 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. एक गुन्हा करावयाचा आणि मग त्याची पावती दाखवून दुसऱ्याचे देणे फेडले म्हणावयाचे, असा हिशेब कोणत्या सावकाराच्या वहीत बसतो? शिवाय, हुंडा मिळतो तो जावयाच्या घराला. तो बहिणीच्या हाती पडत नाही, तिच्या नावे राहत नाही. तिला काय मिळाले म्हणावे? भावाच्या लग्नालाही खर्च झाला होता. त्याच्या हिश्शातून तो वजा झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण ‘हे नवीनच खूळ आले’ अशी भाषा अजून ऐकू येते. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 रोजी अमलात आला, तेव्हा बिदर आणि गुलबर्गा हैदराबाद राज्यात होते. साडेचार महिन्यांनी, 1 नोव्हेंबरला, ते राज्य मोडले. बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, भालकी-औराद म्हैसुराकडे राहिले. वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचे वारस केले, तरी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध सहभागी मात्र मुलगेच राहिले. कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने ही उणीव 1994 साली आपापल्या दुरुस्तीने भरली, तीही त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून संपूर्ण देशात मुलगी, विवाहित असो वा अविवाहित, जन्मतः सहभागी झाली. आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हा हक्क जन्माने येतो, 2005 साली बाप हयात असण्याची अट त्याला नाही. विज्ञानेश्वराचा ‘जन्मतः स्वामित्व’ हा सिद्धान्त अखेर मुलीपर्यंत पोचला तो असा.

तो पोचला आणि हक्कसोडपत्राला ऊत आला. आधी बहिणीची सही लागत नव्हती, म्हणून कोणी मागत नव्हते. आता बँकेचे कर्ज काढावयाचे, जमीन विकावयाची, रस्त्याखाली वा धरणाखाली गेलेल्या रानाचा मोबदला उचलावयाचा, तर तिच्या सहीवाचून अडते. म्हणून बाप गेल्यावर फौतीची नोंद करताना वंशावळीतून बहिणीचे नाव गाळणे, हा पहिला उपाय. तो न साधला तर हक्कसोड, हा दुसरा. वर्षानुवर्षे ज्या भावाला पंचमीला बहिणीस न्यायला सवड झाली नाही, तो साडीचोळी घेऊन दारात उभा राहतो. तिची आई हयात असली तर तिलाही बरोबर आणतो. ‘तुला काय कमी आहे? आम्ही काय परके?’ इतकेच बोलणे होते. धमकी कोणी देत नाही. देण्याची गरजही नसते. कारण नाही म्हटल्यास पुढच्या पंचमीला आणि भाऊबिजेला काय होईल, हे तिला न सांगता कळते.

येथे आमचे काही मित्र म्हणतील, तुम्ही सर्व बहिणींना अजाण समजता. कित्येकींनी मनापासून दिले आहे. दिले आहे, हे आम्ही मान्य करतो. भावाची नापिकी, त्याचे कर्ज, त्याच्या पोरांची शिक्षणे पाहून जिने आपले चार एकर त्याच्याकडे राहू दिले, तिच्यापुढे आम्ही नम्र आहोत. म्हणूनच तर आमचा आग्रह आहे. जिने खरोखर सोडले, तिच्या क्रियेला आणि जिच्याकडून सोडवून घेतले, तिच्या हानीला एकच शब्द लावला तर अपमान कोणाचा होतो? खऱ्या त्याग करणारीचाच.

त्याच हैदराबाद राज्यात, बिदर-गुलबर्ग्यापासून फार दूर नसलेल्या नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्लीत, 18 एप्रिल 1951 रोजी रामचंद्र रेड्डी यांनी विनोबांना शंभर एकर जमीन दिली आणि भूदानाचा जन्म झाला. पुढे विनोबा गावोगाव सहावा हिस्सा मागत हिंडले. भूदानाच्या यशापयशाची चर्चा येथे नको. आम्ही एवढेच विचारतो की, सहावा हिस्सा देणाऱ्या पुरुषाला देशाने दाता म्हटले, आणि आपला सारा हिस्सा देणाऱ्या बहिणीला त्याच देशाने काय म्हटले? ‘समजूतदार’ म्हटले. भेद उघड आहे. दात्याचे नाव जमिनीच्या खात्यावर आधीपासून होते. त्याने दिले तेव्हा काय गेले ते गावाला दिसले. बहिणीचे नाव त्या कागदावर कधी चढलेच नाही, म्हणून तिने काय दिले तेही कोणाला दिसत नाही. पुष्कळदा तिलाही दिसत नाही.

गोव्यातील वाचकांनी मात्र समाधान मानून बसू नये. पोर्तुगीज नागरी संहिता तेथे 1870 पासून लागू आहे. मुलगा-मुलगी तिच्या दृष्टीने सारखे, आणि मुलांचा राखीव हिस्सा बापाला मृत्युपत्रानेही मोडता येत नाही. जिवंत माणसाच्या वारशाचा आगाऊ त्याग करता येणार नाही, असेही तिने स्पष्ट म्हटले होते. बिदरच्या बहिणीला जे 2005 साली मिळाले ते गोव्याच्या बहिणीला कितीतरी आधी मिळाले होते. तरीही लेखप्रमाणकापुढे जाऊन भावांच्या लाभात हक्क सोडल्याचे दस्त तेथे होतच आले. यावरून एवढे सिद्ध होते की, कायदा चांगला असला तरी ‘सोडप’ या क्रियापदामागे कोण उभा आहे, हे तो विचारीत नाही.

आपल्याकडील दुय्यम निबंधक तरी काय विचारतो? नोंदणीच्या 1908 च्या कायद्याप्रमाणे त्याने पाहावयाचे ते हे की, दस्त लिहून देणारी व्यक्ती हीच आणि सही तिचीच. इच्छा तिचीच आहे काय, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नाही. करारासाठी मुक्त संमती हवी, दडपण वा अवाजवी प्रभाव असेल तर करार रद्द होऊ शकतो, हे 1872 च्या करार कायद्यात लिहिलेले आहे खरे. परंतु ते सिद्ध करण्यासाठी सख्ख्या भावावर फिर्याद करावी लागते. माहेर राखण्यासाठी सही केली, ती सही खोडण्यासाठी माहेराला कोर्टात ओढावे, असा हा पेच आहे. लग्नाच्या मांडवात कोऱ्या मुद्रांकावर घेतलेल्या सहीला, किंवा बाप जिवंत असता त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीतील पुढच्या वाट्यावर सोडलेल्या पाण्याला, कायदा हक्कसोड मानत नाही. पण हे तिला सांगतो कोण? जे सांगू शकतात, ते बहुधा भावाच्या बाजूचे असतात.

सीमेवर या पेचाला आणखी एक गाठ बसली आहे. माहेर भालकीचे आणि सासर उदगीरचे किंवा देगलूरचे, अशी घरे या मुलखात जागोजाग आहेत. 1956 ची रेघ जिल्ह्यातून गेली तशी नात्यांतूनही गेली. अशी मराठी शिकलेली बाई सही करावयास येते, तेव्हा तिच्यापुढे ठेवलेला दस्त कन्नडात असतो. कर्नाटकात कन्नडात दस्त व्हावेत याला आमची मुळीच हरकत नाही. कन्नड ही आमची शेजारीण नव्हे, घरचीच आहे, आणि सीमाप्रश्नाचे भांडण या लेखात आणण्याचा आमचा हेतू नाही. मात्र ‘वाचून, समजून, राजीखुशीने सही केली’ असे ज्या कागदावर छापले जाते, तो कागद सही करणारीला वाचताच येत नाही, याला काय म्हणावे? पहिले क्रियापद खोटे, दुसरे खोटे, आणि तिसरे खरे मानावयाचे!

यासाठी आमची मागणी साधी आहे. हक्क सोडण्याआधी तो बहिणीच्या नावे लागला पाहिजे. पहाणीत, सातबाऱ्यावर, घराच्या उताऱ्यावर तिचे नाव चढावे, त्या उताऱ्याची प्रत तिच्या हाती पडावी, एक सुगी तरी तिच्या नावाने जावी. तुरीच्या रानात तिचा हिस्सा किती, त्याचा भाव काय, हे तिला कळावे. त्यानंतर तिला सोडावेसे वाटले तर तिने खुशाल सोडावे. बक्षीसपत्र करून द्यावे, भावाला वा भाचीला. त्यावेळी दस्ताची प्रत तिला वाचता येईल अशा भाषेत जोडलेली असावी, आणि भाऊ कचेरीबाहेर उभा असता ती तिला वाचून दाखवावी. ही व्यवस्था नसताना झालेल्या कागदाला ‘हक्कसोडपत्र’ म्हणू नये. त्याला दुसरे नाव शोधावे. मराठीत शब्दांचा तुटवडा नाही.

‘असे केले तर एकही बहीण सोडणार नाही’ असा आक्षेप यावर आमच्या कानी आला आहे. आक्षेप घेणारे गृहस्थ विद्वान आहेत, आणि आपण काय कबूल केले हे त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.